कर्करोगाचा प्रसार : सुरीने नव्हे, विलंबाने

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या निवासी शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीची आई दिवाळीच्या सुट्टीसाठी मुलीला न्यायला आली होती. सोलापुरातील हजारो स्त्रियांप्रमाणे ती विड्या वळून संसार चालवीत असे. बोलताना ती पदर गालाशी धरून बसली होती. विचारपूस केल्यावर कळले, की गालाच्या आतल्या बाजूला तीन-चार महिन्यांपासून एक जखम आहे. ज्या बाजूला ती रोज मिश्री लावीत असे, नेमक्या त्याच बाजूला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले होते. ती म्हणाली, "सुरी लावली की पसरतंय म्हणत्यात, सर. आमच्या वस्तीतल्या एकीला तसंच झालं. ऑपरेशन केलं आन् सहा महिन्यांत गेली."

आम्ही तेव्हा काय उत्तर दिले? काहीच नाही. 'डॉक्टरांचे ऐका' असे मोघम काहीतरी बोललो आणि सुट्टीच्या रजिस्टरवर तिची सही घेतली. आम्ही इतिहासाचे पदव्युत्तर पदवीधर. वैद्यकशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे, असे म्हणून स्वतःची समजूतही घातली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या मानेत गाठ आली. उपचार झाले, पण त्यांना उशीर झाला होता. ती माउली वाचली नाही. मुलगी पुढे शिकली. पण आईच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही, ही बोच आमच्या मनातून गेली नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही पुढे बरेच वाचले, जाणकारांना विचारले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते आमच्या माजी विद्यार्थ्यांपुढे, पालकांपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न असा : कर्करोग पसरतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्याला कोठे कोठे अडविता येते?

पेशींची शिस्त आणि तिचा भंग

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. गालाच्या आतल्या अस्तरातील पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. हे काम अत्यंत शिस्तीने चालते. गरज असेल तेवढेच विभाजन करावे, शेजारच्या पेशीला धरून आपल्या जागी राहावे आणि बिघाड झाला तर स्वतः नष्ट व्हावे, असे संकेत प्रत्येक पेशीच्या जनुकांत लिहिलेले असतात. तंबाखूतील घातक द्रव्ये, काही विषाणू, किरणोत्सर्ग किंवा विभाजनाच्या वेळी आपोआप होणाऱ्या चुका यांमुळे ही जनुके बिघडतात. एका बिघाडाने सहसा कर्करोग होत नाही. एकाच पेशीच्या वंशात असे अनेक बिघाड वर्षानुवर्षे साचत जातात, तेव्हा ती पेशी बेबंद वाढू लागते.

परंतु केवळ वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. अंगावर चरबीची गाठ असते. ती मोठी झाली तरी आपल्या मर्यादेत राहते आणि जिवावर बेतत नाही. कर्करोगाचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. तो शेजारच्या ऊतींत घुसतो आणि दूरच्या अवयवांत जाऊन तेथे नवी वस्ती करतो. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू पहिल्या गाठीमुळे नव्हे, तर या प्रसारामुळे होतात. म्हणून प्रसार समजून घेणे हे कर्करोग समजून घेण्याचे मर्म होय.

पहिली वेस : आधारपटल

गालाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या अस्तराखाली एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याला आधारपटल म्हणतात. पापुद्र्याच्या वर अस्तराच्या पेशी आणि खाली संयोजी ऊती, रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या अशी रचना असते. वरच्या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे बिघडलेल्या पेशी जोपर्यंत पापुद्र्याच्या वर आहेत, तोपर्यंत त्यांना शरीरात इतरत्र जाण्यास वाटच नसते. या अवस्थेत रोग सापडला, तर तेवढा भाग काढून किंवा गोठवून तो समूळ नाहीसा करता येतो.

ही वेस ओलांडण्यासाठी पेशीला तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, शेजाऱ्यांचा हात सोडणे. निरोगी पेशी 'ई-कॅडहेरिन' नावाच्या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. अनेक कर्करोगांत हे प्रथिन कमी होते आणि पेशी सुट्या होतात. दुसरी, वाट खोदणे. प्रथिनांचे जाळे विरघळविणारी विकरे स्रवून पेशी आधारपटलाला भगदाड पाडते. तिसरी, चालणे. पेशी आपला आकार बदलते, पुढे पाय रोवावा तसा एक भाग पुढे काढते आणि स्वतःला ओढून घेते. गर्भावस्थेत अवयव घडताना आणि जखम भरून येताना निरोगी पेशीही असे स्थलांतर करतात. कर्करोगाची पेशी तीच जुनी विद्या अवेळी आणि बेलगाम वापरते.

या कामी तिला आसपासची मदतही मिळते. जखम भरणाऱ्या पेशी आणि रोगप्रतिकारक यंत्रणेतील काही पेशी जणू फितूर होतात आणि तिच्या वाढीस पोषक द्रव्ये पुरवितात. गाठ काही मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. म्हणून ती नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. हा विचार अमेरिकन शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला, तेव्हा तो अनेकांना पटला नव्हता. पुढे त्यावर आधारित औषधे वापरात आली.

प्रवास आणि वस्ती

वेस ओलांडल्यावर पेशींपुढे दोन मार्ग असतात. एक लसिकावाहिन्यांचा. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी या मार्गाने बहुधा आधी मानेतील गाठींत, म्हणजे लसिकाग्रंथींत, अडकतात. स्तनाच्या कर्करोगाच्या काखेतील गाठींत. त्या माउलीच्या मानेत आलेली गाठ ही अशी होती. दुसरा मार्ग रक्ताचा. त्या मार्गाने पेशी फुप्फुस, यकृत, हाडे, मेंदू येथे पोहोचतात.

हा प्रवास मात्र सोपा नाही. रक्ताच्या वेगवान प्रवाहात पेशी फाटतात, प्रतिकारक पेशी त्यांना मारतात, नव्या जागी पोषण न मिळाल्याने त्या मरतात. अमेरिकेतील संशोधक आयझया फिडलर यांनी १९७० साली उंदरांच्या रक्तात किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी सोडल्या. चोवीस तासांनंतर त्यांतील सुमारे १ टक्का पेशी जिवंत होत्या आणि नवी गाठ निर्माण करण्यापर्यंत टिकल्या त्या ०.१ टक्क्याहूनही कमी. म्हणजे शरीर हजारांपैकी नऊशे नव्व्याण्णव पेशींना स्वतःच हरविते. धोका उरतो तो या कारणाने, की मोठी गाठ दररोज अगणित पेशी सोडीत राहते. गाठ जितके दिवस शरीरात राहील, तितक्या वेळा हा प्रयत्न होत राहतो.

पोहोचलेली पेशी कोठे रुजते, याचेही एक शास्त्र आहे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सगळीकडेच जाते. मग यकृतात गाठी पुष्कळ आणि प्लीहेत विरळा, असे का? त्यांनी बी आणि जमीन यांचे उदाहरण दिले. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी कशी डोलते आणि तेच बियाणे मुरमाड माळावर टाकले तर काय होते, हे तो जाणतो. बी सगळीकडे पडते. उगवते मात्र जेथे जमीन मानवेल तेथेच. रक्ताच्या वाहण्याच्या दिशेलाही महत्त्व आहेच. आतड्याचे रक्त प्रथम यकृतात जाते, म्हणून आतड्याचा कर्करोग बहुधा यकृतात पसरतो. काही पेशी तर नव्या जागी जाऊन वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात आणि पुढे केव्हातरी जाग्या होतात. उपचार संपल्यावरही डॉक्टर नियमित तपासणीला बोलावितात ते यासाठी.

रुग्णाच्या कागदांवर टी, एन आणि एम अशी अक्षरे आकड्यांसह लिहिलेली असतात. ती या प्रवासाचीच नोंद असते. 'टी' म्हणजे मूळ गाठ किती मोठी व किती खोल, 'एन' म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींत रोग पोहोचला का, आणि 'एम' म्हणजे दूरच्या अवयवांत वस्ती झाली का. आपल्या घरच्या माणसाच्या कागदावर ही अक्षरे दिसली, तर त्यांचा अर्थ डॉक्टरांना विचारावा. तो आपला अधिकार आहे.

साखळी तोडण्याच्या जागा

तथागतांनी दुःखाचा विचार करताना प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कोणतीही गोष्ट आकाशातून पडत नाही. ती कारणांच्या साखळीतून उद्भवते, आणि साखळीतील एखादा दुवा निखळला की पुढचे घडत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी कर्करोगाचे जीवशास्त्र माहीत होते, असा दावा आम्ही कदापि करणार नाही. परंतु विचार करण्याची ही रीत येथे अगदी चपखल लागू पडते. कर्करोगाचा प्रसार ही एकामागून एक घडणाऱ्या पायऱ्यांची साखळी आहे. तिचा कोणता दुवा कोठे तोडता येतो, हे दाखविणारे महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. त्यांतील एक तर आपल्याच जिल्ह्यातून.

पहिला दुवा तंबाखूचा. ओढायची असो वा चघळायची, तंबाखू आणि तिच्याइतकीच सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नि:संदिग्धपणे सांगितले आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासण्यासाठी वापरली म्हणून ती औषध होत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाचा कर्करोग आणि आपल्या लोकांच्या सवयी यांचा संबंध गेल्या शतकाच्या मध्यालाच अभ्यासला होता. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण टपरीवर मावा मिळतो, घरात मिश्रीची डबी असते, आणि मूल मोठ्यांचे पाहूनच शिकते.

दुसरा दुवा आधारपटल ओलांडण्यापूर्वीचा. येथे बार्शीचे नाव अभिमानाने घ्यावे लागते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येची अशी नोंदणी भारतात प्रथमच होत होती. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जात, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत. परिणाम असा झाला, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. येथे कोणतेही नवे औषध आले नव्हते. माणसे दारापर्यंत गेली आणि बोलली, एवढेच.

याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला, बार्शीचे डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन हे त्याच्या प्रमुखांपैकी होत. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एका गटातील स्त्रियांची मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी आयुष्यात फक्त एकदा चाचणी झाली. दुसऱ्या दोन गटांत वेगळ्या पद्धतीच्या चाचण्या झाल्या आणि चौथ्या गटात चाचणी नव्हती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी नसलेल्या गटात ६४. म्हणजे एका चाचणीने आणि तीत दोष आढळल्यास लगेच केलेल्या उपचाराने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. विषाणूचा संसर्ग होण्यापासून आक्रमक कर्करोग होईपर्यंत साधारणतः दहा ते वीस वर्षे जातात. पापुद्र्याच्या वर रोग पकडण्याची ही केवढी मोठी संधी आहे!

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तपासणीने जीव वाचतो अशी अपेक्षा असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय, असा आक्षेप पुढे देशात व परदेशात घेतला गेला. आम्हाला हा आक्षेप गंभीर वाटतो. ज्या खेड्यांतील कष्टकरी स्त्रियांच्या शरीरांवरून जगाला हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत तरी ती चाचणी पोहोचावी, हे त्या ऋणाचे किमान उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटना आज पहिली पसंती याच चाचणीला देते. हा विषाणू रोखणारी लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. मुलींना ती किशोरवयात, संसर्गाचा संभव निर्माण होण्यापूर्वी, द्यावयाची असते.

तिसरा दुवा मानेतील गाठींचा. तोंडाचा कर्करोग लहान असताना आणि मानेत गाठ लागत नसताना, तोंडातील भागाबरोबर मानेतील लसिकाग्रंथीही काढाव्यात, की गाठ दिसू लागेपर्यंत वाट पाहावी? हा वाद जुना होता. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला आणि २०१५ साली पाचशे रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण जिवंत होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हाताला न लागणाऱ्या पेशी त्या ग्रंथींत आधीच पोहोचलेल्या असू शकतात. येथे सुरीने रोग पसरविला नाही. सुरीने त्याची वाट अडविली.

सुरीची भीती : तिच्यात तथ्य किती?

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. 'सुरी लागली की पसरतो' ही समजूत कोठून आली? इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक सावधगिरी शिकविली जाते : एक घटना दुसरीनंतर घडली, एवढ्यावरून ती पहिलीमुळे घडली असे ठरत नाही. आपल्या वस्त्यांत माणूस रुग्णालयात जातो तो बहुधा उशिरा. तोपर्यंत पेशी प्रवासाला निघालेल्या असतात. शस्त्रक्रिया होते, आणि आधीच रुजलेला रोग काही महिन्यांनी डोके वर काढतो. शेजारच्यांना दिसते ती फक्त शस्त्रक्रिया आणि तिच्यामागून आलेला मृत्यू. मधले महिने, ते घरात घालविलेले लपवाछपवीचे महिने, कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

तुकडा काढल्याने, म्हणजे बायोप्सीने, रोग पसरतो काय? सुईच्या मार्गात पेशी रुजल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, पण ती विरळा आहेत. काही ठिकाणच्या गाठींच्या बाबतीत डॉक्टर त्यासाठी विशेष काळजी घेतात आणि तुकडा घेण्याची रीत व मार्ग विचारपूर्वक ठरवितात. तोंडातील जखमेचा तुकडा तपासल्याने आयुष्य घटत नाही. न तपासल्याने मात्र रोगाचे नाव कळत नाही आणि नाव कळल्याशिवाय उपचार ठरत नाही.

मग शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी सुटत असतील काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही टाळला नाही. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत एक अभ्यास केला. लवकरच्या अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे सोळाशे स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीच्या सभोवती लिडोकेनची इंजेक्शने दिली. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच हे साधे, स्वस्त औषध. त्या स्त्रिया पूर्ण भुलेखाली होत्याच. मग हे कशासाठी? गाठीजवळच्या पेशींच्या आवरणात सोडियमची ये-जा करणाऱ्या वाहिन्या असतात आणि पेशींच्या हालचालीला त्यांची मदत होते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. लिडोकेन त्या बंद करते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया जिवंत होत्या आणि दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. दूरच्या अवयवांत रोग परतण्याचे प्रमाण ११.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले.

हा एक अभ्यास आहे आणि एका प्रकारच्या कर्करोगाचा आहे, हे ध्यानात ठेवू. परंतु त्यातून लोकांच्या भीतीला दिलेले उत्तर पाहा. शस्त्रक्रियेच्या क्षणी काही पेशी निसटत असतील, ही शंका रास्त होती. त्या शंकेपायी शास्त्रज्ञांनी शस्त्रक्रिया सोडून दिली नाही. त्यांनी पेशींची निसटण्याची वाट रोखून पाहिली. आणि इंजेक्शन न मिळालेल्या गटातही दर शंभरांतील शहाऐंशी स्त्रिया पाच वर्षांनंतर जिवंत होत्या, त्या शस्त्रक्रिया आणि नंतरच्या उपचारांमुळेच. आज तो प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर आम्ही गप्प बसणार नाही. आम्ही सांगू : "ताई, सुरीने पसरत नाही. थांबल्याने पसरतो."

रोग पसरल्यानंतर

प्रसार झाल्यावर काहीच करता येत नाही, असेही समजू नये. केमोथेरपी रक्तातून सर्वत्र पोहोचून विभागणाऱ्या पेशींना मारते. काही औषधे गाठीचा रक्तपुरवठा तोडतात, काही विशिष्ट प्रथिनांवर नेम धरतात, काही हाडांतील झीज रोखतात. सर्वच कल्पना यशस्वी झाल्या, असे नाही. पेशींची वाट खोदणारी विकरे बंद करणारी औषधे १९९० च्या दशकात मोठ्या आशेने तपासली गेली. रुग्णांवर ती अपयशी ठरली. साखळीचा दुवा ओळखणे आणि तो योग्य वेळी तोडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून शास्त्रज्ञ शिकले.

रोगप्रतिकारक पेशींचे बांधलेले हात मोकळे करणाऱ्या औषधांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे फार महाग आहेत. टाटा स्मारक रुग्णालयाने त्यांपैकी निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. डोके व मानेच्या कर्करोगाच्या पुढच्या अवस्थेतील १५१ रुग्णांचा हा अभ्यास होता. गोळ्यांच्या उपचाराला या अल्प मात्रेची जोड दिल्यावर एका वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. गरिबाला परवडेल अशा मात्रेत औषधाचा विचार करणे हेही विज्ञानच आहे, आणि आमच्या मते ते अधिक मोलाचे विज्ञान आहे. तरीही आकडे पुन्हा पाहा. पसरलेल्या रोगात एक वर्ष मिळविण्यासाठी एवढी झुंज. लवकर सापडलेल्या रोगात दर शंभरांतून ऐंशी-नव्वद माणसे काही वर्षांनंतरही आपल्या घरी.

आपण काय करावे?

तोंडातील जखम पंधरा दिवसांत भरली नाही. गालात, जिभेवर पांढरा किंवा लाल चट्टा दिसला. तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, आपलीच तीन बोटे उभी आत जाईनात. मानेत न दुखणारी गाठ लागली. स्तनात गाठ लागली. पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्तस्राव झाला, तर थांबू नये. यांतील प्रत्येक लक्षण कर्करोगच असते असे नाही. बहुतेक वेळा ते दुसरेच काही निघते. पण ते ठरविण्याचे काम तपासणीचे आहे, शेजारणीचे नव्हे. तिखट खाल्ले की झोंबते म्हणून मिश्रीने ती जागा बधिर करणे हा तर रोगाला दूध पाजण्याचा प्रकार आहे. दुखत नाही म्हणून काही नाही, असेही मानू नये. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

खर्चाच्या धास्तीनेही लोक घरी बसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. योजनेत सहभागी रुग्णालयांत मदतीसाठी आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटावे. बार्शी आपल्यापासून दूर नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, आशा सेविका आहेत, शिक्षक आहेत, एसटीचे वाहक-चालक आहेत. त्यांना आमची एक विनंती आहे. दरवर्षी पालक मेळाव्याला शेकडो आई-वडील शाळेत येतात. त्या दिवशी एका वर्गखोलीत तुमच्यापैकी काहींनी बॅटरी घेऊन बसावे आणि येणाऱ्या प्रत्येक पालकाचे तोंड उघडून पाहावे. एका माणसाला दोन मिनिटे पुरतात. संशय आला, तर त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या दारापर्यंत कोणीतरी जावे. कारण नुसती चिठ्ठी देऊन पाठविलेला माणूस बहुधा वाटेतूनच परत फिरतो, हे आम्ही पाहिले आहे.

जानेवारी १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तेथून आरंभलेल्या वाटेने आपण इथवर आलो. शिकलेल्या माणसाकडे प्रश्न घेऊन येणाऱ्याला उत्तर मिळालेच पाहिजे, आणि उत्तर माहीत नसेल तर ते शोधून त्याच्या दारी नेले पाहिजे. एकदा आम्ही यात कमी पडलो. यंदाच्या मेळाव्याला त्या वर्गखोलीत बाके मांडण्याचे आणि येणाऱ्यांची नावे लिहून घेण्याचे काम आम्ही स्वतः करणार आहोत. तपासणारे हात मात्र तुमचे हवेत.

जय भीम. नमो बुद्धाय.